श्वानांस मज्जाव : एका पाटीचं रसग्रहण

मराठीत कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर तिसरा अंक संपण्याआधीच बाहेर चहाच्या गाडीवर होते. पण ज्या वाङ्मयाला रोज हजारो वाचक लाभतात, जे ऊन-पावसात एका पायावर उभं राहून वाचकाची वाट पाहतं, त्या पाटी-वाङ्मयाकडे आमचे समीक्षक सहसा फिरकत नाहीत. पुणेकरांच्या दारांवरच्या पाट्यांचं थोडंफार कौतुक झालं, नाही असं नाही. पण तो झाला ललित विभाग. बागा आणि तळी यांच्या फाटकांवरचं सरकारी पाटी-वाङ्मय अजून उपेक्षितच आहे.

आता हे काम बँकेतल्या कारकुनानं का करावं, असं तुम्ही विचाराल. मी कॉमर्सचा. रस म्हटलं की मला उसाचाच आठवतो. पण वीस वर्षं मी ‘खिडकी बंद आहे’ या पाटीमागे बसलो आहे, आणि ती पाटी बोटानं बाजूला सारून ‘खिडकी बंद आहे का हो?’ असं विचारणारी एक अख्खी पिढी पाहिली आहे. पाटी आणि वाचक यांच्या नात्यावर बोलायला एवढा अधिकार पुरे.

समीक्षेसाठी निवडलेली कृती अशी : ‘कुत्र्यांना आत आणण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’

ती एका तळ्याच्या फाटकावर आहे. तळं कुठलं ते सांगत नाही. समीक्षकानं कृतीकडे पाहावं, कर्त्याकडे पाहू नये, असं म्हणतात. आणि या कृतीचा कर्ता तसाही दिसत नाही.

प्रथम शैली. ‘सक्त’ हे विशेषण पाहा. साधी मनाई आपल्याकडे कोणी पाळत नाही, हे लेखकाला पुरतं ठाऊक आहे. पहिल्याच ओळीत त्यानं आपल्या वाचकावरचा अविश्वास असा उघड केला आहे. मग येतं ‘हुकुमावरून’. कुणाच्या? सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही. सही नसलेला चेक आमच्याकडे आला तर आम्ही तो परत करतो. सही नसलेला हुकूम मात्र गावभर वटतो.

आता आशय. या पाटीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तिनं वाचक चुकीचा निवडला आहे. ज्यांच्यापासून तळ्याला थोडाफार उपद्रव व्हायचा, ती भटकी मंडळी निरक्षर. मी पाहिलं तेव्हा त्यांतली तीन नेमकी या पाटीच्याच सावलीत झोपली होती. त्यांना कोणी आत आणलेलं नव्हतं, ती आपली आपण आली होती. म्हणजे काटेकोर वाचलं तर नियमभंग झालाच नव्हता. पाटी लागू पडली ती फक्त पट्टा घालून, लस टोचून, घरच्या साक्षर माणसाबरोबर आलेल्या कुत्र्याला. जो नियम पाळणाऱ्यालाच शिक्षा करतो, त्याला आमच्या खात्यात वेगळं नाव आहे. पण ते छापण्याजोगं नाही.

ही शिक्षा कुणाला झाली ते सांगतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. बाई गेल्यापासून एकटेच. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं, तेव्हा मास्तरांनी मान डोलावली आणि आरामखुर्ची सोडली नाही. मग बंगलोरला बदली झालेल्या मुलानं जाताना आपला मोत्या त्यांच्याकडे ठेवला. जे डॉक्टरांच्या चिठ्ठीनं झालं नाही ते मोत्याच्या एका केविलवाण्या नजरेनं झालं. मास्तर चालू लागले. रक्तदाब उतरला. वाटेत चार माणसं ‘काय म्हणतो मोत्या?’ म्हणून विचारू लागली आणि त्या निमित्तानं मास्तरांशीही बोलू लागली.

एके दिवशी तळ्याच्या फाटकावर रखवालदारानं अडवलं. “काका, तुम्ही या आत, कुत्र्याला बाहेर बांधा.”

“अरे, मी त्याला फिरवत नाही, तो मला फिरवतो,” मास्तर म्हणाले.

“माझ्याही घरी आहे काका, पण पाटी आहे ना!”

तेव्हापासून ही जोडी हमरस्त्याच्या कडेनं चालते. तिथं फूटपाथ नाही, डंपर आहेत. पण पाटी नाही. मोत्यानं जाता जाता पाटीच्या खांबापाशी पाय वर करून आपला अभिप्राय नोंदवला, तेवढाच. या कृतीवर आजवर झालेली तीच एकमेव प्रामाणिक समीक्षा म्हणायची. शिवाय तो जाणकार वाचक आहे. आपण तळ्याकाठी जातो ते बघायला. कुत्रा जातो तो हुंगायला. कोण कधी आलं, कुठून आलं, आजारी होतं की आनंदात होतं, हे सगळं तो खांबाखांबावर वाचत जातो. त्याला पाच मिनिटं थांबू न देता ओढत नेणं म्हणजे माणसाच्या हातातला पेपर मधल्या पानावर हिसकावून घेणं आहे.

पण समीक्षकानं एकतर्फी असू नये. तळ्याकाठी कुत्रा जपूनच न्यावा, याला कारणं आहेत, आणि चांगली आहेत. मुंबईचं पवईचं तळं घ्या. त्यात मगरी आहेत, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. म्हणजे मगरीनं कुत्रा धरला तर तक्रार कुत्र्याविरुद्धच व्हायची. काठावरच्या आयआयटीच्या आवारात राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या अधूनमधून येऊन जातो, आणि कुत्रा हा त्याच्या जेवणातला आवडता पदार्थ आहे. टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. सुटलेलं कुत्रं हौसेनं धावतं आणि घरटं उठतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तो माणसाला होतो तसा कुत्र्यालाही. कुत्र्याची घाण पावसानं पाण्यात गेली की जलपर्णीला खत मिळतं. आणि कुत्रा दिसला की ज्यांच्या पोटात गोळा येतो अशी माणसं, मुलं याच वाटेवर फिरतात. रेबीजचं नाव ऐकलेल्या कोणालाही ती भीती खोटी म्हणता येणार नाही.

आता गंमत बघा. यातल्या एकेका कारणातून एकेक शहाणी सूचना निघते. पट्टा सोडू नका. पाण्यात उतरवू नका. अंधार पडल्यावर झाडीकडे जाऊ नका. घाण उचला. लस टोचा. आमच्या पाटीनं ही सगळी कारणं गिळली आणि फक्त मनाई ओकली. ज्याला कारण सांगितलं जात नाही तो वाचक शहाणा होत नाही, चोरटा होतो. म्हणून मग पहाटे पाच वाजता, रखवालदार यायच्या आत, बिनपट्ट्याची, बिनपिशवीची मंडळी आत शिरतात आणि सहाला बाहेर पडतात. तळ्याला जे नको होतं ते सगळं घडतं. फक्त मास्तर बाहेर राहतात.

आणखी एक. कॉमर्सच्या माणसाला जमाखर्च पाहिल्याशिवाय राहवत नाही. पवईचं तळं 1891 साली शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलं. पण त्याचं पाणी पिण्याच्या कामाचं राहिलं नाही. पुढे वस्ती वाढली आणि सांडपाणी त्यात येऊ लागलं. काठावर सायकलींसाठी रस्ता बांधायला घेतला, तो मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवून काढायला सांगितला. या सगळ्या खर्चाच्या बाजूला कुत्र्याच्या नावे नोंद काय? असलीच तर चिल्लर. पण नाल्याच्या तोंडाशी ‘सांडपाण्यास सक्त मनाई आहे, हुकुमावरून’ अशी पाटी मी तरी कुठल्या तळ्यावर पाहिलेली नाही. मोठ्या थकबाकीदाराला खुर्ची द्यायची आणि शंभर रुपयांच्या खातेदाराला नोटीस पाठवायची, ही पद्धत फक्त बँकांतच असते असा माझा गैरसमज होता.

तसं पाहिलं तर कुत्र्याशी आपलं जुनं नातं आहे. धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार नव्हता. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि त्याच मुलांना घेऊन पाटीच्या आत जातो. खुद्द मुंबईत 1832 च्या जूनमध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर आली आणि दंगल झाली. त्या काळात पवईची जमीन फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांकडेच होती. तेव्हा ‘हुकुमावरून’ या शब्दाचा आणि कुत्र्याचा वाद काही आजचा नाही.

कायद्याचंही तसंच. मुंबईच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्याला 500 रुपये दंड ठेवला होता. म्हणजे घाणीला दंड होता, कुत्र्याला नव्हता. आणि भारतीय पशुकल्याण मंडळानं 2015 मध्ये निवासी सोसायट्यांना सांगितलं की पाळीव प्राण्यांना बागेत बंदी घालणं दूरदृष्टीचं नाही, हवं तर वेळा ठरवा. न फिरवलेलं कुत्रं जास्त भुंकतं, असंही त्यात आहे. हे निवृत्त माणसांनाही लागू पडतं, असं आमच्या सौ.चं मत आहे.

नुसती टीका करून समीक्षक पळतो, असा आरोप होतो. म्हणून सुधारित आवृत्ती सादर करतो :

‘या. कुत्र्यासह या. पट्टा आखूड ठेवा, पिशवी खिशात ठेवा. पाण्यात उतरवू नका, ते त्याच्याही तब्येतीला बरं नाही. झुडपांकडे पक्ष्यांची घरटी आहेत, तिकडे जाऊ नका. समोरचा घाबरत असेल तर वाट सोडून उभे राहा. उन्हाळ्यात डांबरावर आपला हात ठेवून बघा. तुम्हाला पाच सेकंद सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. लस टोचली नसेल तर आधी ती, मग तळं.’

हिचाही दोष मला माहीत आहे. पेंटर अक्षरावर पैसे घेतो. मनाई सात शब्दांत बसते आणि समजूत घालायला अर्धशतकाहून जास्त लागतात, म्हणून सगळीकडे मनाईच लागते. तरी एक कच्चा मसुदा मी मास्तरांना दाखवला. त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, ‘सेकंद’वर थोडं नाक मुरडलं, पुन्हा एकदा वाचला आणि विचारलं, “खाली सही कुणाची?”

तेवढी जागा मी मोकळी सोडली आहे.