दारावरची थाप : शिकागोचे कृष्णवर्णीय साहित्य आणि कायद्याचा चेहरा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठी वाचकाचा जो परिचय झाला, तो मुख्यतः दलित साहित्याच्या चळवळीच्या निमित्ताने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्या जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली होती. पुढे अमेरिकेत अध्ययन करून परतलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी तेथील लेखकांची नावे मराठवाड्यातील तरुण लेखकांच्या कानी घातली, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याचा विस्तृत परिचय करून दिला, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. हा इतिहास अभिमानास्पद आहे. परंतु या स्वीकाराला एक मर्यादाही पडली. आपण त्या साहित्यातील विद्रोह घेतला, नकार घेतला, अस्मितेची भाषा घेतली. तो विद्रोह ज्या खोल्यांत, ज्या जिन्यांवर, ज्या भाडेपावत्यांतून जन्माला आला, ते शहर मात्र आपल्या समीक्षेतून जवळजवळ गळून गेले. ‘काळ्यांचे दुःख’ असा एक सरसकट शब्दप्रयोग रूढ झाला आणि दुःखाचा पत्ता हरवला.

तो पत्ता पाहावयाचा तर शिकागोइतके सोयीचे शहर दुसरे नाही. दक्षिणेकडील राज्यांतून उत्तरेत आलेल्या कृष्णवर्णीयांच्या महास्थलांतराचे हे एक प्रमुख ठाणे. दक्षिणेत भेदाचा कायदा भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला असे. येथे तशी पाटी नव्हती. पण घरांच्या खरेदीखतांतच अशी कलमे असत की ही मालमत्ता कृष्णवर्णीयास विकू वा भाड्याने देऊ नये. त्यामुळे वाढती लोकसंख्या शहराच्या दक्षिण भागातील एका अरुंद पट्ट्यात कोंबली गेली. घरमालकांनी मोठे फ्लॅट तोडून एकेका कुटुंबाला एकेक खोली द्यावयास सुरुवात केली. संडास सामाईक, आणि भाडे गोऱ्या वस्तीतील चांगल्या घराशी स्पर्धा करील असे. या खोलीला तेथे ‘किचनेट’ म्हणत. मुंबईच्या चाळीची आठवण मराठी वाचकाला येथे होणे स्वाभाविक आहे, पण ती फार ताणू नये. चाळीतील माणसाला भाडे परवडले तर दुसरीकडे जाण्याची निदान कल्पना करता येत होती, अर्थात त्याची जात आड आली नाही तर. किचनेटमधील माणसाजवळ पैसे असले तरी शहराच्या नकाशातच त्याला जागा नव्हती. १९३० नंतरच्या दशकात गृहकर्जासाठी तयार झालेल्या सरकारी नकाशांवर या वस्त्या लाल रंगाने दाखवलेल्या होत्या, म्हणजे येथे पैसा गुंतवणे धोक्याचे.

रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ (१९४०) ही कादंबरी अशाच एका खोलीत सुरू होते. गजराच्या घड्याळाचा कर्कश आवाज, चौघांचे कुटुंब, आणि एक उंदीर. बिगर थॉमस हा वीस वर्षांचा तरुण तो उंदीर मारतो. हा प्रसंग प्रतीकात्मक आहे असे सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ते खरेही आहे. पण प्रतीकाची घाई केल्याने एक साधी गोष्ट निसटते. ज्या खोलीत तो उंदीर आहे, तिचे भाडे ज्या कंपनीकडे जाते तिच्यात डाल्टन या गोऱ्या लक्षाधीशाचे वर्चस्व आहे, आणि याच डाल्टनच्या घरी बिगर मोटारचालक म्हणून नोकरीस लागतो. डाल्टन दानशूर आहे. कृष्णवर्णीय मुलांच्या मंडळाला तो पिंगपाँगची टेबले देतो. त्याच्या कन्येचा बिगरच्या हातून, घाबरलेल्या अवस्थेत, गुदमरून मृत्यू होतो आणि तेथून कादंबरीला वेग येतो. राइट यांचे खरे सामर्थ्य मात्र पुढे मृत्यूसंबंधीच्या चौकशीच्या प्रसंगी दिसते. बिगरचा वकील मॅक्स डाल्टनला विचारत जातो की कृष्णवर्णीयांना तुम्ही याच पट्ट्यात घरे का देता, इतरत्र का देत नाही, भाडे अधिक का. डाल्टनची उत्तरे सभ्य आहेत. तसा रिवाज आहे. त्या लोकांना एकत्र राहण्यातच सुख वाटते. भाडे कमी करणे इतर मालकांवर अन्याय होईल. काही पानांचा हा प्रसंग मॅक्सच्या न्यायालयातील प्रदीर्घ भाषणापेक्षा कितीतरी प्रभावी आहे. ते भाषण कलादृष्ट्या कादंबरीचा दोष आहे, हे समीक्षकांनी वारंवार म्हटले आहे आणि ते मान्य करावयास हरकत नाही.

पोलीस या कादंबरीत कसे येतात? ते एका माणसाच्या शोधार्थ येतात आणि संपूर्ण वस्तीची झडती घेतात. दारे फोडली जातात, छपरांवरून पाठलाग होतो, शिकागोच्या हिवाळ्यात पाण्याच्या टाकीवर चढलेल्या बिगरला बंबाच्या नळीने गारठवून खाली आणले जाते. वस्तीतील प्रत्येक जण संशयित ठरतो. राइट यांनी हे कल्पनेने रचलेले नाही. लेखन चालू असतानाच १९३८ मध्ये शिकागोत रॉबर्ट निक्सन या कृष्णवर्णीय तरुणावर खुनाचा खटला झाला, आणि आरोपीची तुलना वानराशी करणारी वृत्तपत्रांची कात्रणे राइट यांनी जमवली. कादंबरीतील बातम्यांची भाषा त्या कात्रणांवर बेतलेली आहे.

परंतु मला सर्वांत अस्वस्थ करणारे पान वेगळे आहे. बिगरने आपली मैत्रीण बेसी हिचाही खून केलेला असतो, आणि तो मात्र जाणूनबुजून. बेसी कृष्णवर्णीय आहे, दुसऱ्यांच्या घरी राबणारी आहे. चौकशीत तिचे प्रेत सर्वांसमोर आणले जाते, पण ते केवळ गोऱ्या मुलीच्या खुनाचा पुरावा म्हणून. तिच्या स्वतःच्या मृत्यूत कायद्याला स्वारस्य नाही. हे बिगरलाही कळते. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ आणि १९५१ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधांतून राइट यांच्यावर आक्षेप घेतला, तो असा की निषेधाची कादंबरी माणसाला एका प्रवर्गात कोंडते आणि बिगरभोवती कृष्णवर्णीयांचे परस्परांतील जीवनच दिसत नाही. आक्षेपात तथ्य आहे. बेसीचे चित्रण तर त्याचा उत्तम दाखला ठरेल. तिला राइट यांनी जगू दिले नाही, मरू मात्र दिले. पण तिच्या प्रेताचा कायद्याने केलेला उपयोग दाखवून त्याच राइट यांनी असे काही पाहिले, जे बाल्डविन यांच्या आक्षेपाच्या कक्षेत येत नाही : जी यंत्रणा एका मृत्यूसाठी सगळे शहर पिंजून काढते, तीच दुसऱ्या मृत्यूपुढे डोळे मिटते. अतिरेक आणि उपेक्षा ही तिची दोन वेगळी रूपे नव्हेत. एकीवाचून दुसरी चालत नाही.

लॉरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) या नाटकात पोलीस रंगमंचावर येतच नाहीत. यंगर कुटुंब विम्याच्या दहा हजार डॉलरच्या भरवशावर गोऱ्या वस्तीत घर घेऊ पाहते. त्यांना अडवावयास येतो तो लिंडनर नावाचा मृदुभाषी गृहस्थ, रहिवासी संघाचा प्रतिनिधी. तो शिवी देत नाही, धमकी देत नाही. घर परत विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवतो. ब्रॉडवेच्या प्रेक्षकांना हे नाटक आशावादी वाटले, आणि पुढे काही कृष्णवर्णीय समीक्षकांनीही त्याला मध्यमवर्गीय आकांक्षेचे नाटक म्हणून बाजूला सारले. हे वाचन उथळ आहे. मूळ प्रयोगातून गाळलेल्या एका प्रवेशात शेजारीण वर्तमानपत्र घेऊन येते आणि गोऱ्या वस्तीत गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबावर झालेल्या बॉम्बहल्ल्याची बातमी मोठ्या उत्साहाने सांगते. पुढील आवृत्त्यांत हा प्रवेश पुन्हा समाविष्ट झाला. तो वाचला म्हणजे शेवटचे सामान बांधणे निव्वळ आनंदाचे राहत नाही.

लेखिकेला याची कल्पना असण्याचे कारण चरित्रात आहे. तिचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ मध्ये निर्बंध असलेल्या वस्तीत घर घेतले. घराभोवती जमाव जमला, वीट भिरकावली गेली आणि ती लहानग्या लॉरेनच्या अगदी जवळून गेली. रात्री तिची आई पिस्तूल घेऊन घरात पहारा करी. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४० मध्ये हॅन्सबेरींच्या बाजूने निकाल लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे निर्बंध न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा निर्णय येण्यास १९४८ उजाडावे लागले. आईच्या हातातील ते पिस्तूल नाटकात नाही. परंतु पोलिसांनी रक्षण करावे असे संपूर्ण नाटकात कोणालाही सुचत नाही, ही गोष्ट त्या पिस्तुलाची जागा घेते. पोलिसांचा अभाव हाच येथे त्यांचा प्रवेश आहे. १९६६ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत घरांच्या प्रश्नावर मोर्चा घेऊन गेले, तेव्हा त्यांनाही गोऱ्या वस्तीत दगड लागला.

ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची वाट आणखी निराळी. १९५० मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय साहित्यिक. १९६७ मध्ये फिस्क विद्यापीठातील लेखक-मेळाव्यात त्यांची नव्या पिढीशी गाठ पडली, आणि नंतर त्यांनी मोठी प्रकाशनसंस्था सोडून कृष्णवर्णीयांच्या लहान प्रकाशनाचा हात धरला. या संक्रमणाच्या उंबरठ्यावर ‘इन द मेक्का’ (१९६८) हे दीर्घकाव्य उभे आहे. मेक्का ही खरीखुरी इमारत होती. १८९२ मध्ये बांधलेली, जागतिक प्रदर्शनाच्या काळात दिमाखदार, पुढे कृष्णवर्णीय भाडेकरूंनी खच्चून भरलेली. तारुण्यात ब्रुक्स यांनी तेथे तावीज-तोडगे विकणाऱ्या एका ‘आध्यात्मिक’ सल्लागाराकडे काही काळ नोकरीही केली होती.

काव्यातील कथानक ओळीभराचे आहे. कामावरून दमून घरी आलेल्या सॅली स्मिथ यांना आपली धाकटी मुलगी पेपिटा दिसत नाही. त्या दारोदार विचारत जातात. प्रत्येक दारामागे एक माणूस, आणि प्रत्येकाला आपापला ध्यास : गुलामगिरीतील झोपडी आठवणारी वृद्धा, कवितेत रमलेला शिक्षक, बंदुका जमवून दिवसाची वाट पाहणारा तरुण. पेपिटाला कोणी पाहिलेले नाही. पोलीस येतात, पण सावकाश येतात. मुलीचे प्रेत त्याच इमारतीत, एका रहिवाशाच्या खाटेखाली सापडते. येथे ब्रुक्स यांनी वस्तीलाही माफ केलेले नाही, हे विशेष. बाहेरचा अन्याय दाखवताना आतल्या बधिरतेवर पांघरूण घालण्याचा मोह अनेक बांधिलकी मानणाऱ्या कवींना आवरत नाही. ब्रुक्स यांना तो आवरला, कारण त्यांना दारे मोजून ठाऊक होती. राइट यांच्या बेसीला जे मिळाले नाही ते पेपिटाला मिळते : कोणीतरी तिला तिच्यासाठीच शोधते.

मेक्का १९५२ मध्ये पाडण्यात आली. शेजारच्या तंत्रज्ञान-संस्थेला विस्तारासाठी जागा हवी होती. त्या जागी मिस व्हान डर रोहे यांची काच आणि पोलाद यांची प्रख्यात वास्तू, क्राउन हॉल, उभी आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी तेथे श्रद्धेने जातात.

येथे मराठीतील एका कथेचा उल्लेख अपरिहार्य आहे. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतही प्रश्न राहण्याच्या जागेचा आहे; पण तेथे नायक जात लपवतो, म्हणूनच ती जागा त्याला मिळते, आणि भय आहे ते उघड होण्याचे. वर्ण लपवता येत नाही. त्यामुळे शिकागोच्या साहित्यात भय दाराबाहेर उभे असते, तर बागुलांच्या कथेत ते नायकाच्या घशात असते. जात आणि वर्ण यांचे समीकरण मांडणाऱ्यांनी हा भेद पुरेसा लक्षात घेतलेला दिसत नाही.

पुढील इतिहासाने या लेखकांना दुर्दैवाने खरे ठरवले. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे, राज्याच्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाने पाठवलेल्या पोलिसांनी ब्लॅक पँथरचे एकवीस वर्षांचे नेते फ्रेड हॅम्प्टन यांना त्यांच्या भाड्याच्या घरात ठार केले. मार्क क्लार्क हेही मारले गेले. पोलिसांनी ऐंशीहून अधिक गोळ्या झाडल्या होत्या, आतून झाडलेल्या गोळीचा पुरावा मिळाला तो एकीचाच. त्यानंतर १९७२ ते १९९१ या काळात जॉन बर्ज हा अधिकारी आणि त्याचे सहकारी यांनी शंभराहून अधिक लोकांचा, बहुतांशी कृष्णवर्णीय पुरुषांचा, कोठडीत छळ करून कबुलीजबाब घेतले. काहींना त्या जबाबांवर मृत्युदंड झाला. २००३ मध्ये राज्यपालांनी त्यांपैकी चौघांना माफी दिली. बर्जला २०१० मध्ये दोषी ठरवण्यात आले ते खोटी साक्ष दिल्याबद्दल; छळाच्या गुन्ह्याची मुदत केव्हाच संपली होती. ‘नेटिव्ह सन’मधील सरकारी वकील बिगरकडून कबुलीजबाब लिहून घेतो, तो प्रसंग आज वाचताना या घटना बाजूला ठेवता येत नाहीत. २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या लक्वान मॅकडोनल्डवर एका पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. त्याचे चित्रीकरण वर्षाहून अधिक काळ दडवले गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आले. त्या पोलिसाला २०१८ मध्ये दोषी ठरवण्यात आले.

२०१५ मध्ये शहराने बर्जच्या बळींसाठी पंचावन्न लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, आणि तिच्याबरोबर एक अट अशी होती की हा इतिहास शहराच्या सरकारी शाळांत आठव्या आणि दहाव्या इयत्तेत शिकवला जावा. साहित्याच्या विद्यार्थ्याने या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. पैशाबरोबर कथनाचीही मागणी येथे होती.

त्याच शहरातील ईव्ह एल. यूइंग यांचा ‘१९१९’ हा कवितासंग्रह २०१९ मध्ये आला. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात तराफ्यावर तरंगत असलेला युजीन विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा दगडफेकीत बुडाला. काठावरील पोलिसाने दगड मारणाऱ्या गोऱ्याला अटक करण्यास नकार दिला आणि दंगल पेटली. ३८ माणसे मेली, त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय. चौकशी आयोगाने १९२२ मध्ये जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. यूइंग यांच्या कविता त्या अहवालातील उताऱ्यांसमोर उभ्या राहतात. अहवालाची भाषा मोजमापाची आहे : इतक्या खोल्या, इतके भाडे, इतके मृत. कवयित्री त्या आकड्यांना खोटे ठरवत नाही. ती त्यांच्याजवळ थांबते आणि त्या खोलीत तेव्हा कोण होते, एवढेच विचारते.