‘घाशीराम कोतवाल’ आणि विद्यार्थी-रंगभूमीवरील वेशरचना

भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले व वेशभूषेचा अंतर्भाव आहार्यात केला, हे आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते ठाऊक असते. प्रयोग बसवू लागताच मात्र वेश हा अभिनयाचाच एक प्रकार आहे, याचा त्यांना विसर पडतो. पाठांतर होते, गाणी आणि नृत्ये बसतात, आणि रंगीत तालमीच्या दिवशी भाड्याचा कपडेपट येऊन पडतो. काही नाटके या पद्धतीनेही निभावून जातात. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ निभावत नाही.

याचे कारण नाटकाच्या घडणीतच आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले तेव्हापासून बारा ब्राह्मणांची मानवी भिंत ही त्याची ओळख होऊन बसली आहे. ही भिंत गाते, डुलते, पाठ फिरवते. घटकेत ती कीर्तनाला बसलेला समाज असते, घटकेत बावनखणीतला रसिकवर्ग. जे झाकायचे ते झाकणारी आणि जे पाहायचे ते फटीतून पाहणारीही तीच. दृश्यबदलाचे काम पडद्याऐवजी माणसांच्या अंगांनी करावयाचे असल्यामुळे त्या अंगांवर काय असावे, हा सजावटीचा नव्हे, तर संहितेच्या अर्थाचा प्रश्न ठरतो.

भाड्याच्या कपडेपटातून बारा जणांना बारा तऱ्हा मिळतात. कुणाला जरीकाठी उपरणे, कुणाला बाराबंदी, कुणाला डोक्यावर न बसणारी पगडी. भिंत तेथेच फुटते. उरतात बारा सुटे नट. शिवाय या थाटामाटाला इतिहासाचा आधार असतो असेही नाही. रंगमंचावर सर्रास दिसणारी तयार पुणेरी पगडी नाना फडणविसांच्या पुण्यापेक्षा रानडे-टिळकांच्या पुण्याला अधिक जवळची आहे. अभ्यासू विद्यार्थी मग दुसऱ्या टोकाला जातो. जेम्स वेल्सने १७९२ च्या सुमारास रंगविलेले सवाई माधवराव व नाना यांचे चित्र तो शोधून काढतो आणि त्यातील कृश, शुभ्रवस्त्रधारी नाना जसाच्या तसा उभा करू पाहतो. हा परिश्रम स्तुत्य असला तरी येथे तो अस्थानी आहे. आपले नाटक ऐतिहासिक नव्हे, असे तेंडुलकरांनीच स्पष्ट केले होते. त्यांचा नाना हा सत्तेचा एक चेहरा आहे. तो चित्रातल्या नानाशी ताडून पाहिल्याने नाटक अधिक खरे होत नाही.

आमच्या मते भिंतीला एकच वेश असावा: धोतर, जानवे आणि एक उपरणे. धोतर जाड मांजरपाटाचे घ्यावे व चहाच्या पाण्यातून काढून त्याची पांढरी झळाळी मारावी, म्हणजे दिव्यांच्या झोतात ते डोळ्यांत खुपणार नाही. स्थलांतर व वेषांतर उपरण्यावर सोपवावे. ते खांद्यावर असता कीर्तन, कमरेला कसले की बावनखणी, डोक्यावरून ओढले की अंधारी गल्ली. मात्र हे साधावयाचे तर धोतर पहिल्या आठवड्यापासून तालमीत हवे. आजच्या महाविद्यालयीन तरुणाला धोतर नेसण्याची सवय नाही. तो पावलागणिक निऱ्या सांभाळतो, पाऊल आखूड टाकतो, आणि हे सारे प्रेक्षकाला दिसते. आंगिक आणि आहार्य वेगळे करता येत नाहीत ते असे.

एका मोहापासून विशेष सावध राहावे लागते. खोटी पोटे बांधून आणि हातभर शेंड्या लावून हशा हमखास मिळवता येतो. या नाटकावर नानांची व ब्राह्मणांची बदनामी केल्याचा आक्षेप आला आणि त्यावरून बराच काळ वाद माजला, हे सर्वश्रुत आहे. विदूषकी वेश त्या आक्षेपाला आयताच पुरावा पुरवतो. त्याहून मोठे नुकसान असे की, प्रेक्षक त्या पोटांकडे पाहून हसतो आणि हे आपल्याविषयी नाही, असे समजून निर्धास्त होतो. भिंतीतली माणसे सभ्य आणि नीटनेटकी दिसली पाहिजेत. मुलगी नानाला वाहून कोतवाली मिळविणारा घाशीराम जितका नाटकाचा विषय आहे, तितकीच ती कोतवाली मुकाट्याने चालू देणारी ही सभ्यताही आहे.

घाशीरामाचा पोशाख उलगडत जाणारा असावा. कनोजहून आलेल्या त्या ब्राह्मणाचे मळके धोतर कोतवालाच्या अंगरख्याखाली शेवटपर्यंत कायम ठेवले, तर अखेरीस अंगरखा ओढून काढला जाताच पहिल्या अंकातला अपमानित माणूस पुन्हा समोर येतो. येथे संवादाची गरज नाही. अंगरखा मात्र हलका हवा, कारण तो घालून नाचावयाचे आहे. जड अलंकारांनी नट थकतो, त्याला घाम येतो, प्रसंगी मूर्च्छाही येते. म्हणून ते लाखेचे व हलके करावेत, असे नाट्यशास्त्र सांगते. आपल्याकडे बनावट दागिन्यांना कमी लेखण्याची रीत आहे; भरताला ती ठाऊक नसावी.

ललितागौरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तिला भडक नऊवारी आणि भरपूर दागिने देण्याची प्रथा पडू पाहत आहे. नानाची नजर तिच्यावर पडते ती गणपतीपुढे, पूजेच्या प्रसंगी. वेशरचनाकाराने तिला बावनखणीतल्या गुलाबीसारखे नटविले, तर नानाच्या नजरेला प्रयोगच दुजोरा देतो. तिचे लुगडे साधे, फिक्या रंगाचे, घरात रोज वापरातले वाटावे.

राहता राहिला गोरा साहेब. त्याच्यासाठी भाड्याचा लाल कोट खुशाल आणावा. तो अंगावर सैल बसला तरी बिघडत नाही.