‘बाळगणे’, ‘साठा’ आणि ‘म्हणे’ : स्फोटकांच्या खटल्यांच्या वृत्तलेखनाविषयी

बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांत जिलेटिनची कांडी ही वस्तू फारशी अपरिचित नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या गावांना पोचले त्यांची गोष्ट निराळी. परंतु सुपे-मोरगावकडील जिरायत पट्ट्यात विहिरीवाचून गत्यंतर नसते, आणि मुरमाचा थर सरून काळा पाषाण लागला की पहार-कुदळीचे काम संपून सुरुंगाचे काम सुरू होते. पूर्वी छिन्नी-हातोड्याने भोके पाडून बार भरीत. आता ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर ती भोके पाडतो. ‘सुरुंग’, ‘बार’, ‘कांडी’, ‘वात’ हे ह्या कामाचे शब्द होत. शेतकऱ्याच्या बोलण्यात ते मोट आणि पाट ह्या शब्दांच्या पंगतीला बसतात. मात्र हीच कांडी विनापरवाना सापडली आणि तिची बातमी झाली, म्हणजे तिचे नाव बदलते. ती ‘स्फोटके’ होते. पिशवीभर कांड्यांचा ‘साठा’ होतो. आणि ज्याच्यापाशी त्या सापडल्या तो माणूस ‘स्फोटके बाळगणारा’ ठरतो. ह्या नामांतराने आरोपीचे आणि वाचकाचेही काय होते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू, कारण बातमीतील गोंधळाचे मूळ तेथे नाही. कायदा ह्या बाबतीत बराच विवेकी आहे. 1884 चा स्फोटक कायदा मुख्यतः परवान्याचा कायदा आहे. परवान्याच्या अटी मोडून स्फोटके जवळ ठेवणे, वापरणे, विकणे किंवा वाहून नेणे ह्याबद्दल त्याच्या 9-ब कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, एवढी शिक्षा सांगितली आहे. 1908 चा स्फोटक पदार्थ कायदा वेगळ्या जातीचा आहे. त्याचे पाचवे कलम लागू होते ते वस्तू कायदेशीर कारणासाठी जवळ नसावी असा वाजवी संशय परिस्थितीवरून येत असेल तर. मग हेतू कायदेशीर होता हे दाखविण्याचा भार आरोपीवर पडतो, आणि 2001 च्या दुरुस्तीनंतर साध्या स्फोटक पदार्थाबद्दलही कैद दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. दोन वर्षे आणि दहा वर्षे ह्यांमधील सारे अंतर ‘हेतू’ ह्या एका गोष्टीवर उभे आहे. बातमीची भाषा नेमकी तीच गोष्ट आधी पुसून टाकते आणि मग आपल्या पदरची भरते.

‘बाळगणे’ हे क्रियापद पाहा. मराठीत माणूस वैर बाळगतो, भीती बाळगतो, महत्त्वाकांक्षा बाळगतो, शिस्त बाळगतो. ह्या प्रत्येक प्रयोगात मनाने धरून ठेवण्याचा, काही काळ जपण्याचा अर्थ आहे. ‘त्याच्याजवळ कांड्या होत्या’ ह्या वाक्यात वस्तूचे स्थान कळते. ‘त्याने स्फोटके बाळगली’ ह्या वाक्यात वस्तूबरोबर वृत्तीही कळते, किंबहुना कळल्यासारखी वाटते. न्यायालयाने पुराव्यावरून ठरवावयाचा हेतू येथे क्रियापदाच्या पोटातूनच येतो. ‘साठा’ ह्या शब्दाचेही तसेच. धान्याचा साठा करणाऱ्याने पुढचा विचार केलेला असतो. कामावरून उरलेल्या कांड्या घरात राहिल्या, ह्याला साठा म्हणणे म्हणजे निष्काळजीपणाला योजनेचे रूप देणे होय.

ह्याहून सूक्ष्म प्रकार वाक्यरचनेत आहे. ‘स्फोटके बाळगल्याप्रकरणी एकास अटक’ हा मथळ्याचा साचा आपल्या परिचयाचा आहे. ‘बाळगल्या’ हे भूतकालवाचक कृदंत क्रिया घडून गेल्याचे गृहीत धरते. ‘प्रकरणी’ हा शब्द त्या गृहीताला सरकारी मोहोर लावतो. ‘बाळगल्याच्या आरोपावरून’ असे लिहिले असते तर दोनच शब्दांनी विधान आरोपाच्या कक्षेत राहिले असते. मथळ्यात जागा नसते ही संपादकांची सबब मला मान्य आहे. पण मथळ्याखालच्या मजकुरातही तोच साचा तीन-तीन वेळा येतो, तेव्हा ती सबब पुरत नाही.

गंमत अशी की, ज्या पोलिसी मराठीची आपण थट्टा करतो ती ह्या बाबतीत अधिक सावध आहे. ‘सदर इसमाच्या ताब्यात विनापरवाना जिलेटिनच्या कांड्या मिळून आल्या’ ह्या धर्तीच्या वाक्यात ‘मिळून आल्या’ एवढेच म्हटलेले असते. कोणी आणल्या, कशासाठी आणल्या, ह्याविषयी क्रियापद मौन पाळते. पोलिसांच्या पत्रकावरून बातमी करताना वार्ताहर हे रूक्ष वाक्य मोडतो, आणि त्या मोडणीत ‘विनापरवाना’ हा सर्वांत महत्त्वाचा शब्द मागे ढकलला जाऊन ‘खळबळ’ आणि ‘घातपाताचा संशय’ पुढे येतात. संशय कोणाचा, हे बहुधा सांगितलेले नसते.

आणि गाव काय म्हणते? ‘त्याच्याकडं कांड्या सापडल्या म्हणे.’ हे ‘म्हणे’ मराठीचे मोठे धन आहे. बोलणारा ऐकीव गोष्ट सांगत आहे, स्वतः ग्वाही देत नाही, हे त्या एका अव्ययवजा शब्दाने कळते. लिखित प्रमाणभाषेने तो ग्राम्य म्हणून टाकला. त्याच्या जागी ‘समजते’, ‘सांगण्यात आले’ अशी रूपे आणली, पण ती बातमीच्या शेपटीला लागतात, आरोपाच्या वाक्याला नाही. चावडीवरची अफवा आपण अफवा आहोत हे सांगते आणि छापील बातमी ते लपविते, असा हा उलटा प्रकार आहे.

स्फोटके, वृत्तपत्र आणि शब्दार्थ ह्यांची गाठ ह्या जिल्ह्याला नवी नाही. 8 जून 1908 रोजी दोन कायदे एकदमच संमत झाले : एक वर उल्लेखिलेला स्फोटक पदार्थ कायदा, दुसरा गुन्ह्यांस चिथावणी देणाऱ्या वृत्तपत्रांविरुद्धचा. त्याच महिन्यात लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लेखांबद्दल अटक झाली. झडतीत त्यांच्याकडे एक कार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. नव्या कायद्यावर टीका लिहावयाची तर त्यातील व्याख्या तपासावी लागते, म्हणून ती नावे टिपली, हा टिळकांचा खुलासा होता. खटला राजद्रोहाचा होता, स्फोटकांचा नव्हे. तरीही ते कार्ड पुराव्यात आले. पुढे मराठी शब्दांच्या सरकारी भाषांतराने मूळ अर्थ कसा विपरीत होतो, हे सांगण्यात त्यांच्या बचावाचा मोठा भाग खर्ची पडला. 22 जुलै 1908 रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी ज्यूरीने दोषी ठरविले आणि सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. त्या काळी परक्या सरकारचा भाषांतरकार जे करीत होता, त्याच्याच जवळचे काही आज मराठीतल्या मराठीत होते. सुरुंगाचा शब्द स्फोटाच्या शब्दात उतरविणे हेही भाषांतरच आहे.

‘स्फोटके’ हा शब्द वर्ज्य करावा, असे माझे म्हणणे नाही. 25 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईत अँटिलिया ह्या निवासस्थानाजवळ उभ्या केलेल्या मोटारीत 20 जिलेटिन कांड्या आणि धमकीचे पत्र सापडले, तेव्हा तो शब्द योग्यच होता; कारण जागा आणि पत्र ह्यांनी हेतूविषयी काही सांगितले होते. तरी तेथेही दहशतवादाची चौकट किती घाईने बसविली गेली, हे 13 मार्च रोजी राष्ट्रीय तपास संस्थेने त्या प्रकरणात एका पोलीस अधिकाऱ्याला अटक केली तेव्हा दिसले. तितक्याच कांड्या विहिरीच्या कामावरही दिसू शकतात. संख्या तीच, अर्थ जागेने ठरतो.

उलट, खऱ्या धोक्याकडे ह्या चौकटीमुळे दुर्लक्ष होते. 12 सप्टेंबर 2015 रोजी मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात पेटलावद येथे भरवस्तीतल्या इमारतीत स्फोट होऊन सत्तरांहून अधिक माणसे मेली. प्रारंभीच्या बातम्या गॅसच्या टाकीच्या होत्या. नंतर कळले की तेथे विहिरी व खाणींच्या कामाची जिलेटिन द्रव्ये ठेवली होती. घातपात नव्हता, कट नव्हता. वस्तीत जे ठेवू नये ते ठेवले होते. विनापरवाना कांडीचे भय असेल तर ते हे आहे. पण कांड्या कोणी विकल्या, परवानाधारक विक्रेत्याकडून त्या बाहेर कशा आल्या, त्या राहत्या घरापासून किती अंतरावर होत्या, हे प्रश्न ‘घातपात टळला’ ह्या मथळ्याखाली क्वचितच विचारले जातात. टळलेला घातपात ही पूर्ण झालेली गोष्ट असते; तिच्यापुढे विचारण्यासारखे काही उरत नाही.

पकडला जातो तो बहुधा साखळीच्या शेवटचा माणूस : ट्रॅक्टरचा चालक, सुरुंग भरणारा मजूर, खाणीवरचा रखवालदार. दगड फोडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेला वडार समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. आणि गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये गेला तरी आडनावावरून ओळख पटविण्याची सवय गेलेली नाही. अशा माणसाचे संपूर्ण नाव, वय, गाव आणि वस्ती बातमीत पहिल्या दिवशी येते. त्याला कलम 9-ब खाली किरकोळ दंड झाला, किंवा तो सुटला, तर त्या दिवशी लिहावयाच्या बातमीला तयार साचाच नाही : ‘बाळगल्याप्रकरणी’ आहे, ‘न बाळगल्याप्रकरणी’ नाही. गावात मात्र ती गोष्ट पोचते. ‘सुटला म्हणे,’ असे लोक सांगतात, आणि ह्या खेपेस ते ‘म्हणे’ त्याच्या विरुद्ध जाते.