तिला विचारलं होतं का?

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनानिमित्त एका शाळेत बोलायला गेलो होतो. समोर आठवी-नववीची मुलं होती. डीएनएच्या रेणूची रचना कशी सापडली, ही गोष्ट मी रंगवून सांगितली. केंब्रिजमधले दोन उत्साही संशोधक, जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक. तिकडे लंडनच्या किंग्ज कॉलेजात क्ष-किरणांनी डीएनएचे फोटो काढणारी, कुणाशी फारसं न जमणारी रोझलिंड फ्रँकलिन. तिच्याकडचा एक फोटो वॉटसनच्या नजरेस पडतो आणि काही आठवड्यांत कोडं सुटतं! मुलं खूष झाली. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "फोटो दाखवताना तिला विचारलं होतं का? आणि तिला स्वतःला त्यातून काय कळलं होतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. दुसऱ्याचं उत्तर मला येत नव्हतं. एम.एस्सी.ला असताना वॉटसनचं 'द डबल हेलिक्स' मी एका रात्रीत वाचून काढलं होतं आणि तोच इतिहास असं धरून चाललो होतो. त्या प्रश्नामुळे मला याच विषयावरची आणखी पुस्तकं वाचावी लागली.

वॉटसनचं पुस्तक १९६८ साली आलं. शास्त्रज्ञ म्हणजे ऋषी, अशा थाटाची चरित्रं वाचायची सवय असलेल्यांना तो धक्काच होता. इथे चढाओढ आहे, आळस आहे, फजितीही आहे. १९५१ च्या अखेरीस या जोडीने केलेली तीन पेडांची प्रतिकृती सपशेल चुकली, हे वॉटसन मोकळेपणाने सांगतो. क्रिक आणि मॉरिस विल्किन्स यांनी हरकत घेतल्यावर हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने पुस्तक छापायचं नाकारलं; ते दुसऱ्या प्रकाशकाकडून बाहेर पडलं. विज्ञान माणसंच करतात, हे इतक्या चटकदारपणे सांगणारी पुस्तकं थोडीच.

पण यातली 'रोझी' हे पात्र जवळजवळ रचलेलं आहे. तिला त्या नावाने समोर कुणी हाक मारत नसे. पुस्तकात ती चिडखोर आणि स्वतःच्याच मोजमापांचा अर्थ न कळणारी दिसते. शेवटच्या टिपणात, तिच्याबद्दलची आपली सुरुवातीची मतं बरीच चुकीची होती, अशी कबुली वॉटसन देतो. मात्र वाचकाच्या मनात आधीची पानंच राहतात. माझ्या मनात तीच राहिली. आणि उत्तर द्यायला ती नव्हती. १९५८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, कर्करोगाने तिचं निधन झालं होतं.

तिच्या वतीने उत्तर दिलं तिची मैत्रीण अ‍ॅन सेयर हिने, १९७५ साली. हे पुस्तक आवश्यक होतं, पण ते वकिलाने लिहावं तसं आहे. पुढे अशा बाजू मांडण्यातून दुसरी एक गोष्ट रूढ झाली: फोटो चोरला, मुलीवर अन्याय झाला. अन्याय झालाच, पण या गोष्टीतही रोझलिंड काय करत होती ते दिसत नाही. आधी ती खलनायिका होती, आता बळी झाली. दोन्हीकडे तिचं काम पडद्याआडच राहिलं.

ब्रेंडा मॅडॉक्स यांच्या २००२ सालच्या चरित्रात ते काम दिसू लागतं. पॅरिसमध्ये असताना रोझलिंडने कोळशाचा अभ्यास केला. काही कार्बन तापवले की त्यांचं ग्रॅफाइट होतं, काहींचं होत नाही. असं का, हे तिने उलगडून दाखवलं. १९५१ च्या जानेवारीत ती किंग्ज कॉलेजात आली. तिथे तिने हवेतली आर्द्रता काटेकोरपणे सांभाळून डीएनएची दोन रूपं वेगळी केली: कोरडं 'ए' आणि ओलसर 'बी'. ही रूपं मिसळलेली असताना चित्र धूसर येत होतं. केंब्रिजची ती चुकलेली प्रतिकृती पाहून, फॉस्फेटं आत नव्हे तर बाहेर, पाणी पोचेल अशी हवीत, हे तिनेच सांगितलं होतं.

प्रसिद्ध 'फोटो ५१' तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने तिच्या मार्गदर्शनाखाली मे १९५२ मध्ये काढला. त्यासाठी साठ तासांहून अधिक काळ क्ष-किरण सोडावे लागले. त्यातली फुलीसारखी नक्षी म्हणजे सर्पिल रचनेची खूण. तिने मात्र आधी 'ए' रूपाचा हिशोब हाती घेतला आणि ते सर्पिल आहे का, याबद्दल ती बराच काळ साशंक राहिली. हा तिचा चुकलेला रस्ता. 'बी'कडे ती १९५३ च्या सुरुवातीला वळली. १७ मार्चच्या तिच्या आणि गॉसलिंगच्या मसुद्यात दुपेडी सर्पिल आहे, आणि तोवर केंब्रिजची नवी प्रतिकृती तिने पाहिलेली नव्हती. ए-टी आणि जी-सी या जोड्या मात्र तिला सापडल्या नव्हत्या. ती झेप केंब्रिजची.

त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. पहिल्याचंही उत्तर वाटलं तितकं सोपं नाही. रोझलिंड संस्था सोडणार होती, म्हणून गॉसलिंगने तो फोटो विल्किन्सकडे दिला होता. विल्किन्सने तो जानेवारी १९५३ मध्ये तिला न कळवता वॉटसनला दाखवला. शिवाय एकट्या फोटोने काम भागलं नसतं. क्रिकला खरा उपयोग झाला तो किंग्ज कॉलेजच्या एका अहवालातल्या तिच्या आकड्यांचा. २०२३ साली मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट यांनी जुनी कागदपत्रं तपासून असं मांडलं की, हे काम चौघांचं होतं आणि त्यात रोझलिंडचा वाटा बरोबरीचा होता.

शिक्षकमित्रांना सुचवावंसं वाटतं ते एवढंच. शास्त्रज्ञाचं चरित्र वर्गात सांगताना त्याच आयुष्याविषयी निदान दोन जणांनी लिहिलेलं वाचावं. लिहिणारा कोण, त्याचं त्या माणसाशी नातं काय, पुस्तक किती वर्षांनी लिहिलं, हे मुलांना विचारू द्यावं. आणि प्रत्येक गोष्टीत एक प्रश्न हमखास ठेवावा: हा माणूस दिवसभर नेमकं काय करत होता? 'कष्ट केले' हे त्याचं उत्तर नव्हे. तंतू ओलसर ठेवला, तासन् तास फोटो घेतला, महिनोन् महिने हिशोब केला, एक रस्ता चुकला, मागे फिरली; हे उत्तर. असं उत्तर ऐकलेल्या मुलाला विज्ञान आपल्यालाही करता येईल असं वाटतं. ऋषींच्या आणि बळींच्या गोष्टी ऐकून ते क्वचितच वाटतं.

मी त्या शाळेला पत्र लिहून हे सारं कळवलं. मुख्याध्यापकांचं उत्तर आलं. ती मुलगी तोवर दहावी होऊन गेली होती. पत्र त्यांनी नववीच्या वर्गात वाचून दाखवलं.