वाचनालयाची भिंत

जुन्या वाचनालयात शिरल्यावर नजर आधी कपाटांकडे जात नाही, वर जाते. छताखाली, हात पुरणार नाही अशा उंचीवर, किंचित पुढे झुकलेल्या चौकटींत संस्थापक, देणगीदार आणि माजी अध्यक्ष ओळीने बसलेले असतात. कुणाच्या डोक्याला पगडी, कुणाला रुमाल, कुणाच्या कोटाच्या खिशातून घड्याळाची साखळी लोंबते आहे. खाली पाटीवर नाव, हुद्दा आणि देणगीची रक्कम. दसऱ्याला झेंडूची माळही चढते. चित्रकाराचे नाव मात्र कुठेच नसते. फार तर उजव्या कोपऱ्यात, काळवंडलेल्या व्हार्निशखाली, वाचता न येणारी एक सही.

सार्वजनिक वाचनालयांत स्थानिक चित्रकारांची चित्रे लावावीत, ही सूचना हल्ली वार्षिक सभांतून होते आणि एकमताने मंजूरही होते. (ज्या ठरावाला खर्च नाही, तो आपल्याकडे नेहमीच एकमताने मंजूर होतो.) माझे म्हणणे असे की स्थानिक चित्रकार या भिंतींवर कितीतरी वर्षे आहेतच. आपण त्यांना चित्रकार म्हणून पाहिलेले नाही, आणि ते पाहायला शिकल्याशिवाय नव्या चित्रांसाठी खिळे ठोकून फारसे काही साधणार नाही.

आमच्या भागातली वाचनालये सरकारने काढलेली नव्हेत, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ग्रंथालयांचे कायदे फार नंतर आले: कर्नाटकात १९६५ साली, महाराष्ट्रात १९६७ साली, गोव्यात १९९३ साली. तोवर, आणि सीमेच्या अलीकडच्या मराठी वाचनालयांच्या बाबतीत बव्हंशी आजही, संसार चालला तो वर्गणीवर आणि देणग्यांवर. तेव्हा देणगीदाराची तसबीर ही त्या संस्थेची कृतज्ञता आहे. ती उतरवा असे मी म्हणणार नाही. ती कुणी काढली, एवढेच विचारतो आहे.

बहुतेक वेळा ती शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेली असते, किंवा नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एखाद्या पेंटरने. कोल्हापुरात अबालाल रहिमान होऊन गेले, पडदे रंगवता रंगवता सिनेमापर्यंत पोचलेले बाबूराव पेंटर होऊन गेले. बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली पिढ्या तयार झाल्या. १९३५ साली बेळगावात जन्मलेले आणि २०२२ साली गेलेले रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी. हे नाव मिळवलेले लोक. त्यांच्या आसपास, त्याच शिस्तीत हात घोटलेले, पण गाव न सोडलेले कितीतरी जण होते. दिवंगतांच्या फोटोवर चौकटी आखून त्यावरून मोठे तैलचित्र करून देणे हा त्यांचा भाकरीचा धंदा होता.

अशा चित्रांत दोष असतात आणि ते सांगितले पाहिजेत. चेहरा फोटोवरून आलेला, म्हणून डोळे थिजलेले. फोटोग्राफरने प्रकाश समोरून टाकलेला असतो, त्यामुळे नाकाखाली सावली नाही आणि गालाला गोलाई नाही. पण चित्रकार जिथे फोटोच्या तावडीतून सुटतो ती जागा शोधून पाहावी. एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात एका देणगीदार बाईंची तसबीर आहे. चेहरा नेहमीसारखाच, शोकसभेला बसल्यासारखा. हात मात्र मांडीवर असे टेकलेले की बोटांच्या पेरांत वजन उतरलेले दिसते. नऊवारीच्या काठाची घडी डावीकडून येणाऱ्या उजेडात एकदा उजळून पुन्हा विझते. फोटोत हा उजेड असणे शक्य नाही. चित्रकाराने घरी कुणाला तरी, बहुधा बायकोलाच, खिडकीपाशी बसवून तो भाग काढला असावा. हा माझा तर्क. ग्रंथपालांना विचारले तेव्हा त्यांनी आस्थेने जुन्या फायली काढल्या. फ्रेमवाल्याची पावती सापडली. चित्रकाराचा उल्लेख कुठेच नाही. "इथलाच कुणीतरी असणार," ते म्हणाले. 'स्थानिक चित्रकार' या शब्दांचा आपल्याकडचा खरा अर्थ हाच आहे.

दुसरा नमुना कपाटात आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात रंगीत चित्र आले ते बव्हंशी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. म्हणजे पणजी-मडगावच्या वाचनालयांच्या दृष्टीने हे अस्सल स्थानिक चित्रकार, आणि त्यांचे काम वर्षानुवर्षे वर्गणीबरोबर वाचनालयात आपसूक येत होते. आपण काय केले? अंक वाचून फाटू लागले की ते बांधणीला दिले, आणि बाइंडरने मुखपृष्ठे काढून टाकून वर खाकी पुठ्ठा चढवला. मी चाळलेल्या जुन्या बांधीव खंडांत मुखपृष्ठ शाबूत असलेले क्वचितच भेटले. मजकूर राखण्यासारखा आणि चित्र हे वेष्टन, अशी आपली समजूत त्या पुठ्ठ्यावर स्पष्ट लिहिलेली आहे.

पणजीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा उगम १८३२ चा. दीर्घकाळ ते ज्या इमारतीत होते, त्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. विषय कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. कारागिरी उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण राज्यकर्त्यांना भिंतीचे मोल आपल्याआधी कळले होते, हेही त्यावरून दिसते. पुस्तकाकडे जाणाऱ्या माणसाने वाटेत काय पाहावे हे त्यांनी ठरवले. २०१२ साली ग्रंथालय पाटोच्या नव्या इमारतीत गेले. फरशा आपल्या जागी आहेत.

आणि वाचनालयात चित्र म्हणजे काही परक्यांचे खूळ, असेही नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून ग्रंथालयांचे जे जाळे विणले, त्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या तर होत्याच, शिवाय चित्रे आणि मॅजिक लँटर्नच्या काचा दाखवण्याची वेगळी शाखाही होती. निरक्षर माणूस हाही ग्रंथालयाचा वाचक आहे, हे त्यामागचे गृहीत. आपण नंतर ते कधी सोडून दिले, कळलेही नाही.

हल्ली होतात त्या प्रदर्शनांविषयी दोन कडू शब्द. तीन दिवसांचे प्रदर्शन असते. वृत्तपत्रांची टेबले एका बाजूला सरकवतात, कपाटांच्या मुठींना सुतळी बांधून चित्रे लोंबकळतात. फीत कापली जाते, 'कलेची सेवा' हे शब्द किमान तीन वक्ते वापरतात. ज्याने जे आणून दिले ते सगळे लागते, कारण नाही म्हटले तर माणूस दुखावतो आणि तो आपल्या गल्लीतला असतो. मला हा चित्रकाराचा अपमान वाटतो. पुस्तक घेताना आपण खरेदी समिती नेमतो, भांडतो, चार नाकारून एक घेतो. चित्राच्या बाबतीत 'आपला माणूस आहे' एवढी शिफारस पुरते. म्हणजे ते कुणी पाहणार नाही, हे आपण आधीच धरून चालतो. ऐंशी चित्रे तीन दिवस लावण्यापेक्षा सहा चित्रे तीन महिने लावावीत. मासिक बदलायला येणारा सभासद त्यांच्यासमोरून वीस वेळा जाईल. पहिल्या पाच वेळा त्याला काही दिसणार नाही, सहाव्या वेळी दिसेल.

व्यवहाराचे म्हणाल तर फार अवघड नाही. बेळगाव-खानापूरकडचा पाऊस ज्याने काढला आहे, त्याने जलरंगातले चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नये. आतली भिंत घ्यावी, आणि चौकटीमागे लाकडाचे तुकडे लावून बोटभर हवा राखावी. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा, देवांच्या तसबिरींच्या पातळीवर नको. काचेत ट्यूबलाइट दिसत असेल तर चित्र दिसत नाही. वाचनालयाने विकत घेतलेल्या वा भेट आलेल्या चित्राला पुस्तकासारखाच दाखल क्रमांक द्यावा, नोंदवहीत चित्रकार, माध्यम, साल आणि माप लिहावे. जुन्या तसबिरींनाही. ज्यांचे नाव सापडत नाही तिथे तसे लिहावे, म्हणजे निदान पुढचा कुणी शोधील. खर्च एका वहीचा आहे.

अवघड आहे ते वेगळेच. चित्राखालची चिठ्ठी कोणत्या भाषेत लिहायची? आमच्या जिल्ह्यात पाटीची भाषा ही क्षुल्लक बाब नाही. पाट्यांवरून माणसे रस्त्यावर आली आहेत. वर ज्या वाचनालयाचा उल्लेख केला, तिथे सहा चित्रांची योजना मान्य झाली, चित्रे निवडली गेली आणि त्यांत दोन चित्रकार कन्नड भाषक निघाले. समितीतले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपण हे वाचनालय मराठी टिकावे म्हणून चालवतो. आज भिंत दिली, उद्या कपाट जाईल." ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ते गृहस्थ पन्नास वर्षे वर्गणी गोळा करत फिरले आहेत. सभासदांची मुले इंग्रजी आणि कन्नड माध्यमांत गेलेली त्यांनी पाहिली आहेत.

तरीही मला त्यांचे म्हणणे मान्य नाही. त्या दोघांतल्या एकाने किल्ल्याचा खंदक रंगवला आहे, श्रावणातला, हिरवे पाणी आणि त्यात पडलेली तटाची मोडकी सावली. दुसऱ्याने कॅम्पातला कौलारू बंगला. मराठी चित्रकारांच्या चार चित्रांपैकी दोनांत हेच खंदक आणि हीच कौले आहेत, आणि स्पष्ट बोलायचे तर रंगवण्यात ती थोडी कमी पडली आहेत. हिरव्यात निळा मिसळायचा धीर त्यांना झालेला नाही. ही तुलना जिथे डोळ्यांना करता येईल अशी जागा गावात दुसरी कोणती आहे? कपाट भाषेचे असते, ते तसेच राहावे. मीही त्यासाठी वर्गणी देतो. भिंतीला तो नियम लावता येत नाही. चिठ्ठी दोन्ही भाषांत लिहावी, आणि चित्रकाराची जी भाषा असेल ती वर.

समितीचा निर्णय अजून झालेला नाही. दिवाळीनंतरच्या सभेत विषय पुन्हा येणार आहे. तोवर सहाही चित्रे ग्रंथपालांच्या खोलीत, वर्तमानपत्रांत गुंडाळून, आतल्या भिंतीला टेकवून ठेवली आहेत. खालून ओल लागू नये म्हणून ग्रंथपालांनी त्यांच्याखाली दोन फळ्या सरकवल्या आहेत.