‘आहे’चा अर्थ आणि लोकांचा कौल

लोकांनी निवडून दिलेल्या अधिकाऱ्याचे वैयक्तिक वर्तन निंद्य ठरावे, त्याने त्याविषयी असत्य सांगितले हेही बहुतेकांना मान्य असावे, आणि तरीही त्याला पदावरून दूर करण्यास त्याच लोकांनी विरोध करावा, ही घटना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या प्रकरणात जानेवारी १९९८ पासून फेब्रुवारी १९९९ पर्यंत ही विसंगती अखंड टिकून राहिली. राज्यशास्त्राने आपल्या परीने तिचा उलगडा केला आहे. भाषाभ्यासकांनी क्लिंटन यांच्या साक्षीतील वाक्यांचे बारकाईने पृथक्करण केले. परंतु ती वाक्ये ऐकणाऱ्या जनतेने शब्दांचा जो अर्थ लावला, त्याची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली. वस्तुतः लोकांचा पाठिंबा ही केवळ पसंती नव्हती. ती अर्थनिर्णयाची एक कृती होती. हा निर्णय एका शब्दाच्या बाबतीत अचूक ठरला आणि दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत फार सैल राहिला.

घटनाक्रम सर्वश्रुत असला तरी थोडक्यात नमूद करणे अवश्य आहे. अर्कान्सास राज्याच्या एका माजी कर्मचारी स्त्रीने क्लिंटन यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचा दिवाणी दावा लावला होता. अध्यक्षपदावर असतानाही असा दावा चालू शकतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एकमताने दिला. त्या दाव्यात १७ जानेवारी १९९८ रोजी झालेल्या शपथेवरील जबानीत क्लिंटन यांना मोनिका लेविन्स्की यांच्याविषयी प्रश्न विचारण्यात आले. त्यांनी संबंध नाकारला, २६ जानेवारीला तो जाहीरपणे पुन्हा नाकारला, आणि १७ ऑगस्टला ग्रँड ज्युरीपुढे तो आडवळणाने मान्य केला. १९ डिसेंबरला प्रतिनिधीगृहाने दोन आरोप संमत केले: शपथेवर खोटे बोलण्याचा २२८ विरुद्ध २०६ मतांनी, न्यायदानात अडथळा आणण्याचा २२१ विरुद्ध २१२ मतांनी. नेमक्या त्याच दिवसांत गॅलप संस्थेच्या पाहणीत अध्यक्षांच्या कामगिरीला ७३ टक्के लोकांनी पसंती दर्शविली होती. प्रकरण बाहेर पडण्यापूर्वी हा आकडा साठच्या आसपास होता. त्याआधी नोव्हेंबरच्या निवडणुकीत अध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहात पाच जागा अधिक मिळविल्या होत्या. मध्यावधी निवडणुकीत सत्तारूढ अध्यक्षाच्या पक्षाची अशी सरशी १९३४ नंतर झालेली नव्हती.

जॉन झॅलर यांनी १९९८ मध्येच या पाठिंब्याची मीमांसा करताना शांतता, समृद्धी आणि अध्यक्षांचे मध्यममार्गी धोरण या तीन कारणांवर भर दिला. प्रसारमाध्यमांच्या गदारोळापेक्षा राजकारणाचा आशय लोकांना अधिक महत्त्वाचा वाटतो, हा त्यांचा निष्कर्ष. त्यात तथ्य आहे. त्या वर्षी बेकारी साडेचार टक्क्यांवर आलेली होती आणि १९६९ नंतर प्रथमच केंद्रीय अंदाजपत्रकात शिल्लक पडली होती. परंतु समृद्धीने पाठिंब्याची उंची समजते, त्याचा आकार समजत नाही. क्लिंटन प्रामाणिक आहेत असे बहुसंख्य लोकांना वाटत नव्हते. ते शपथेवर खोटे बोलले हेही बहुतेकांनी मानलेच होते. समृद्धीने भारावलेला समाज नेत्याला निर्दोष मानू लागला असता तर झॅलर यांचे उत्तर पुरेसे ठरले असते. येथे त्याला दोषी मानूनच राहू देण्यात आले. शिवाय पाहणीतला प्रश्न अध्यक्ष ‘आपले काम’ कसे करीत आहेत असा होता. प्रश्नाच्या रचनेतच माणूस आणि पद यांची फारकत केलेली होती, आणि लोकांनी ती फारकत गंभीरपणे घेतली.

ज्या वाक्यामुळे हे प्रकरण व्याकरणाच्या इतिहासात गेले, ते ग्रँड ज्युरीपुढील आहे. जानेवारीतील जबानीच्या वेळी क्लिंटन यांच्या वकिलांनी न्यायाधीशांना सांगितले होते की कोणत्याही स्वरूपाचा संबंध नाही. हे विधान खोटे नव्हते काय, असे विचारले असता, ‘इज’ या शब्दाचा अर्थ काय यावर ते अवलंबून आहे, असे क्लिंटन यांनी उत्तर दिले. ‘आहे’ म्हणजे ‘आहे आणि कधीही नव्हता’ असे नसून केवळ ‘सध्या आहे’ एवढेच असेल, तर विधान पूर्णपणे खरे होते. कारण त्या दिवशी संबंध चालू नव्हता. जगभर या उत्तराची टिंगल झाली. टिंगलीच्या भरात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली की वर्तमानकाळाचा हा आडोसा ऑगस्टमध्ये शोधलेला नव्हता. २१ जानेवारीला जिम लेहरर यांना दिलेल्या मुलाखतीतही नकार वर्तमानकाळातच होता आणि कित्येक श्रोत्यांनी तो तेव्हाच टिपला होता.

मराठीत हा आडोसा निराळ्या ठिकाणी सापडतो. ‘संबंध नाही’ यातील ‘नाही’ वर्तमानाची. त्याला ‘संबंध नव्हता’ हा भूतकाळी पर्याय हाताशी आहे. पण ‘संबंध आला नाही’ असे म्हणताच तीच ‘नाही’ भूतकाळाच्या सेवेला लागते. म्हणजे मराठी साक्षीदाराला काळ लपवायचा असेल तर ‘आहे’पेक्षा ‘नाही’ अधिक उपयोगी पडेल. क्रियापदाचा काळ हा व्याकरणाचा विषय खरा, परंतु कोणत्या काळात उत्तर द्यायचे हा सचोटीचा विषय आहे, आणि या दोहोंची गल्लत करता येणे हेच त्या उत्तराचे कौशल्य होते.

दुसरे उदाहरण अधिक उद्बोधक आहे, जरी त्याची चर्चा संकोचाने होते. जबानीच्या वेळी ‘लैंगिक संबंध’ या संज्ञेची लेखी व्याख्या देण्यात आली होती. हेतुपुरस्सर विशिष्ट अवयवांशी संपर्क करणारा तो संबंध ठेवणारा, असा तिचा आशय. क्लिंटन यांचा युक्तिवाद असा, की जो कृती करतो तो व्याख्येत येतो. ज्याच्यावर कृती होते तो येत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर त्यांनी स्वतःला कर्तृपदावरून काढून कर्मपदावर बसविले. पाणिनीय परंपरेत कर्ता म्हणजे क्रियेच्या बाबतीत स्वतंत्र असलेला. जगातील सर्वांत बलाढ्य पदावरील पुरुषाने आपण येथे स्वतंत्र नव्हतो असे सुचवावे, यातील विनोद पाणिनीलाही रुचला असता. नैयायिक तर संबंध हा द्विष्ठ, म्हणजे दोहोंच्या ठायी राहणारा, असे मानतात. क्लिंटन यांच्या अर्थाने मात्र एकाच प्रसंगात एक व्यक्ती संबंधात होती आणि दुसरी संबंधाबाहेर. आपण दोघे ‘एकटे’ होतात काय, या प्रश्नावरही ‘एकटे’ या शब्दाची व्याख्या काय करता यावर ते अवलंबून आहे असेच उत्तर मिळाले.

अमेरिकन कायद्यात अशा उत्तरांना आधार नव्हता असे नाही. ब्रॉन्स्टन खटल्यात (१९७३) तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की शब्दशः खरे असलेले, परंतु प्रश्नाला बगल देऊन दिशाभूल करणारे उत्तर हा शपथेवर खोटे बोलण्याचा गुन्हा होत नाही. चित्रपटनिर्माते ब्रॉन्स्टन यांना त्यांच्या वैयक्तिक स्विस खात्याविषयी विचारले असता, कंपनीचे तेथे सहा महिने खाते होते, असे त्यांनी सांगितले होते. वैयक्तिक खात्याचा उल्लेखच केला नव्हता. अशा उत्तराचा छडा लावणे हे उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाचे काम, असे न्यायालयाचे म्हणणे. आपल्या साहित्यशास्त्राच्या शब्दांत, न्यायालय अभिधेपुरते पाहते, व्यंजनेची जबाबदारी साक्षीदारावर टाकीत नाही. मराठीत अशा बोलण्याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. परंतु द्रोणाचार्य फसले होते; अमेरिकेची जनता फसली नव्हती. तिने वाच्यार्थ ऐकला, सूचितार्थ ओळखला, आणि बोलणाऱ्याला सत्यवादी न मानता प्रश्न पुढे नेला: हे खोटे कोणत्या जातीचे आहे?

येथे मूळ संविधानातील शब्दप्रयोगाकडे वळावे लागते. देशद्रोह, लाचलुचपत किंवा अन्य ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ यांबद्दलच अध्यक्षाला दूर करता येते. १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या परिषदेत जॉर्ज मेसन यांनी प्रथम ‘गैरकारभार’ अशा अर्थाचा शब्द सुचविला होता. इतक्या मोघम शब्दाने अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील, अशी हरकत मॅडिसन यांनी घेतली, तेव्हा मेसन यांनी इंग्लंडच्या संसदेतील हा जुना शब्दप्रयोग पुढे केला. यातील ‘हाय’ हे विशेषण अपराधाचे वजन सांगत नाही, त्याची जागा सांगते. मोठी चोरी म्हणजे ‘हाय’ अपराध नव्हे. ज्याचा घाव राज्यव्यवस्थेवर पडतो तो. हॅमिल्टन यांनीही या अपराधांचे विवेचन करताना सार्वजनिक विश्वासाच्या भंगावर आणि समाजालाच होणाऱ्या अपायावर भर दिला आहे. सामान्य मतदाराने हे ग्रंथ चाळले असतील असे नव्हे. परंतु आपल्या व्यभिचाराविषयी खोटे बोलणारा अध्यक्ष आणि राज्ययंत्रणा वापरून पुरावा दडपणारा अध्यक्ष यांत त्याने केलेला भेद हा त्या विशेषणाच्या इतिहासाशी जुळणारा आहे. हीच जनता १९७४ मध्ये निक्सन यांच्या पाठीशी उभी राहिली नव्हती. पद सोडताना त्यांच्या कामगिरीला अवघी २४ टक्के पसंती उरली होती. तेव्हा हा सैल नीतिमत्तेचा विजय म्हणणाऱ्या टीकाकारांना या फरकाचे उत्तर द्यावे लागेल.

अभियोक्त्या पक्षाचे अपयशही भाषेचेच अपयश होते. केनेथ स्टार यांचा ४४५ पानांचा अहवाल प्रतिनिधीगृहाने ११ सप्टेंबर १९९८ रोजी प्रसिद्ध केला. मूळ चौकशी अर्कान्सासमधील जमीन-व्यवहाराची. अहवालात त्या व्यवहाराला नाममात्र स्थान आहे. आधी निवेदन, मग अकरा कारणे, अशी त्याची रचना. निवेदनात भेटी, भेटवस्तू, दूरध्वनी, रुसवे यांचा दिवसवार तपशील इतका भरगच्च आहे की कायद्याच्या कारणांपर्यंत पोहोचेतो वाचक एका प्रेमप्रकरणाची कहाणी वाचून झालेला असतो. तपशिलाने आरोप सिद्ध होतो हा वकिलाचा विश्वास. तपशिलाने पात्राविषयी जवळीक निर्माण होते हा कादंबरीचा अनुभव. अभियोगाचे लेखन चुकीच्या साहित्यप्रकारात केले गेले, आणि वाचकांनी ते त्या प्रकाराच्या नियमांनी वाचले. २१ सप्टेंबरला साक्षीची चार तासांहून अधिक लांबीची ध्वनिचित्रफीत दाखविण्यात आली, तेव्हाही असेच घडले: गुन्हेगार पाहायला बसलेल्या प्रेक्षकांना खाजगी गोष्टी विचारून कोंडीत पकडलेला माणूस दिसला.

टोनी मॉरिसन यांनी त्याच शरद ऋतूत लिहिलेल्या टिपणाचे भाग्यही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. क्लिंटन यांना अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणणारे त्यांचे वाक्य पुढे गौरवपर म्हणून फिरत राहिले. मॉरिसन यांनी २००८ मध्ये खुलासा केला की रस्त्यावरच्या कृष्णवर्णीय माणसाला जसे आधीच गुन्हेगार धरले जाते तशी वागणूक क्लिंटन यांना मिळाली, एवढेच त्यांना म्हणायचे होते. लाक्षणिक विधानाचा वाच्यार्थ घेतला गेला; क्लिंटन यांच्या साक्षीत नेमके याच्या उलट घडले होते.

लोकांना हवा असलेला शब्द मात्र संविधानात नव्हता. पदच्युती नको, पण ठपका हवा, अशी मागणी करणाऱ्या अर्जांवर लाखो सह्या झाल्या. निंदाव्यंजक ठरावाचा पूर्वदाखला एकच ठळक होता, तो १८३४ मध्ये सिनेटने अँड्र्यू जॅक्सन यांच्याविरुद्ध केलेल्या ठरावाचा, आणि तोही १८३७ मध्ये कामकाजातून खोडून टाकण्यात आला. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी सिनेटमध्ये खोटे बोलण्याच्या आरोपास ४५ आणि अडथळ्याच्या आरोपास ५० मते पडली. लागणार होती ६७. निंदेचा ठराव नियमांच्या अडसरात अडकला. महाभियोग म्हणजे पदच्युती असे मराठी वाचक पुष्कळदा धरून चालतो, म्हणून सांगणे प्राप्त आहे की महाभियोग झाला, पदच्युती झाली नाही. ठपका आला तो अन्य मार्गाने: न्यायाधीश सुझन वेबर राइट यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लिंटन यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरविले.

‘हाय’ या शब्दाबाबत लोकांचा निर्णय एवढा शुद्ध असताना ‘खाजगी’ या शब्दाबाबत तो तसा राहिला नाही. हे प्रकरण खाजगी आहे, हा पाठिंब्याचा आधारस्तंभ होता. पण संबंध सुरू झाला तेव्हा, १९९५ च्या नोव्हेंबरात, एक जण ४९ वर्षांचा राष्ट्राध्यक्ष होता आणि दुसरी व्यक्ती त्याच्याच कार्यालयातील २२ वर्षांची उमेदवार कर्मचारी. भेटीची जागा सरकारी, तिथे प्रवेश मिळणे न मिळणे त्याच्या मर्जीवर. ज्या दाव्यातून हे उघडकीस आले तो दावाच मुळी अधिकारपदावरील पुरुषाच्या वागणुकीविषयीचा होता. पाठिंबा देणाऱ्यांत स्त्री-मुक्तीच्या चळवळीतील नामवंतही होते. त्यांचा सारा भर ‘संमती’वर होता. लेविन्स्की यांनी स्वतः २०१४ मध्ये संबंध संमतीचा होता असेच लिहिले. २०१८ मध्ये मात्र, दोघांच्या अधिकारातील प्रचंड अंतर पाहता त्या शब्दाचा आपण नव्याने विचार करीत आहोत, असे त्यांनी प्रसिद्ध केले. ज्या कर्तृ-कर्म भेदाचा क्लिंटन यांनी बचावासाठी उपयोग केला होता, तो वीस वर्षांनी खऱ्या प्रश्नाच्या रूपाने परतला, पदे मात्र अदलाबदल होऊन.

२६ जानेवारीच्या नकारात त्यांचा उल्लेख आधी ‘दॅट वुमन’ असा आणि नंतर नावाने आहे. दूरत्वदर्शक सर्वनाम अगोदर, ओळख मागाहून. या शब्दांचे भाषांतर करताना मराठी अनुवादकाला एका अनुस्वाराचा निर्णय करावा लागतो: ‘त्या बाईशी’ की ‘त्या बाईंशी’. पहिल्यात ‘त्या’ केवळ अंतर दाखविते. दुसऱ्यात तीच ‘त्या’ आदरार्थी होते. पुढे येणाऱ्या ‘मिस’ या उपपदाकडे पाहिले तर अनुस्वार द्यावासा वाटतो. वाक्याचा स्वर ऐकला तर तो देता येत नाही.