छायाचित्रांतील फुलपांखरूं

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस वन्यजीवांच्या छायाचित्रांचें एक प्रदर्शन पाहण्याचा योग आम्हांस आला. दालन माणसांनीं भरून गेलें होतें. आईबापांचा हात धरून आलेलीं मुलें होतीं, पेन्शनर मंडळी होती, गळ्यांत कॅमेरे अडकविलेले तरुण होते. भिंतींवर साठांहून अधिक चित्रें होतीं, आणि त्यांतील निम्मीं तरी फुलपांखरांचीं होतीं. रंग असे कीं पैठणीनें लाजावें, आणि रेखीवपणा असा कीं पंखावरील खवला न् खवला मोजून घ्यावा. दोन तास आम्हीं तेथें मोठ्या आनंदांत घालविले. परंतु रस्त्यावर येतांच सोबतच्या नातीनें सहज विचारलें, "आजोबा, ही सगळी राहतात कुठे?" आणि आम्हांस उत्तर देतां येईना. साठ चित्रें पाहूनहि आम्हांस एकहि रान दिसलें नव्हतें. त्या प्रश्नानें मनांत जें विचारचक्र सुरू झालें, तेंच येथें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

आरंभींच सांगणें बरें कीं आम्ही या छंदाचे वैरी नाहीं. वीस-पंचवीस वर्षें खांद्यावर कॅमेरा टाकून कोंकणांतल्या आणि मावळांतल्या वाटा आम्हींहि तुडविल्या आहेत. ज्या हातांत पूर्वी बंदूक असे त्या हातांत आज भिंग आलें, ही गोष्ट आम्हांस सुधारणेची वाटते. पण एखादी कला लोकप्रिय झाली म्हणजे तिची परीक्षा करण्याची वेळ टळत नाहीं. उलट ती वेळ तेव्हांच येते.

या चित्रांचा आतां एक सांचा ठरून गेला आहे. मध्यभागीं एकच फुलपांखरूं, पंख पूर्ण पसरलेले, आणि मागें कसलीहि खूण नसलेला गुळगुळीत हिरवा किंवा करडा पडदा. झाड कोणतें, ऋतु कोणता, तें तेथें कशासाठीं आलें होतें, यांतलें कांहीं कळत नाहीं. चित्राखालीं छायाचित्रकाराचें नांव असतें, कॅमेऱ्याचें नांव असतें, पुष्कळदां भिंगाचें मापहि असतें. गांवाचें आणि झाडाचें नांव मात्र क्वचितच आढळतें.

यावरून आम्हांस जुन्या संग्राहकांची आठवण होते. ते फुलपांखरूं जाळ्यांत धरीत, कुपींत मारीत आणि टांचणीनें खोंचून पेटींत ठेवीत. आज तें सारें आपणांस निर्दय वाटतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या टांचणीवर एक इवलीशी चिठ्ठी असे. तिच्यावर गांव, तारीख आणि धरणाऱ्याचें नांव लिहिलेलें असे. कोणती जात पूर्वी कोठवर पसरली होती याचा शोध घेणारे अभ्यासक आज शंभर-दीडशे वर्षांनंतरहि त्या चिठ्ठ्यांचा आधार घेतात. त्या माणसांनीं फुलपांखरूं मारलें, पण त्याचा पत्ता जपला. आम्ही फुलपांखरूं जिवंत सोडतों आणि त्याचा पत्ता फाडून टाकतों. कॅमेरा दिनांक आपोआप नोंदवितो हें खरें. परंतु चित्र भिंतीवर येईपर्यंत तोहि गळून पडलेला असतो.

पत्ता नसला म्हणून काय बिघडलें, असें कोणी विचारील. एक उदाहरण घेऊं. रस्त्याकडेच्या रुईवर भिरभिरणारें, काळ्या-पांढऱ्या कडांचें नारिंगी फुलपांखरूं सर्वांच्या परिचयाचें आहे. इंग्रजींत त्याला प्लेन टायगर म्हणतात. त्याची अळी रुईचीं पानें खाते, आणि त्या चिकांतील विषारी द्रव्य तिच्या अंगांत सांठतें. एकदां तोंड पोळलेला पक्षी पुन्हां त्या रंगाच्या वाटेस जात नाहीं. आतां डॅनेड एगफ्लाय नांवाचें एक अगदीं निराळें फुलपांखरूं आहे. त्याचा नर काळा असून पंखांवर पांढरे ठिपके मिरवतो; मादी मात्र हुबेहूब त्या नारिंगी रुईकराचें सोंग घेऊन हिंडते आणि दुसऱ्याच्या विषावर आपला जीव वांचविते. एवढें नाटक ज्या रंगांत भरलें आहे ते रंग आम्ही भिंतीवर पाहिले. पण चित्रांतून रुई गेली, पक्षी गेला, आणि सोंग व मूळ यांचा संबंधहि गेला. उरलें काय, तर सुंदर नारिंगी कापड.

हीच गोष्ट ओल्या वाळूवर जमलेल्या फुलपांखरांची. ओढ्याच्या कांठीं तीं दाटीनें बसलेलीं दिसलीं कीं आपण त्यांना तहान लागली आहे असें म्हणतों. वस्तुतः तेथें बहुधा नरच असतात. ते चिखलांतील क्षार शोषतात, आणि मीलनाच्या वेळीं त्यांतील वांटा मादीस देतात. ओढा, वाळू आणि जमाव हींच त्या दृश्याचीं पात्रें. त्यांतून एकच फुलपांखरूं उचलून त्यामागें हिरवा पडदा सोडणें म्हणजे वारींतून एक वारकरी काढून त्याला स्टुडिओंत उभा करण्यासारखें आहे.

या कलेचे आद्य उपासक असे नव्हते. इंग्लंडांत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९७ मध्यें निसर्ग आणि कॅमेरा यांवर आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. पक्ष्यांनीं बुजूं नये म्हणून त्यांनीं कातड्याचा एक पोकळ बैलच तयार करविला आणि त्याच्या पोटांत बसून चित्रें घेतलीं. आपल्याकडे संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवण्याची युक्ति वापरली. वाघाचा पाय तारेस लागला कीं उजेड पडे आणि वाघ स्वतःच आपलें चित्र घेई. त्यांचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. जिम कॉर्बेट यांनीं तर सिनेकॅमेऱ्याची घरघर वाघाच्या कानीं पडूं नये म्हणून रानांतला ओहोळ अडवून त्याचे लहान लहान धबधबे केले, आणि महिनेच्या महिने तेथें काढले. १९४४ मध्यें निघालेल्या आपल्या पहिल्या प्रसिद्ध शिकारकथांच्या पुस्तकांत त्यांनीं ही हकीकत दिली आहे. या सर्वांना एकच गोष्ट साधावयाची होती: आपण तेथें नसतों तर प्राणी जसा वागता, तसा तो दिसावा. आजचीं साधनें त्यांच्या साधनांहून शतपट चांगलीं आहेत. धीर मात्र विकत मिळत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. आक्षेपक म्हणेल, "कला म्हणजे निवड. चित्रकारहि नको तें गाळतोच. शिवाय जवळच्या वस्तूवर भिंग रोखलें कीं मागचें धूसर होणें हा प्रकाशाचाच नियम आहे. लोकांना सौंदर्य दिसलें तर प्रेम उपजेल, आणि प्रेम उपजलें तर रान वांचेल." यांतला बराच भाग आम्हांस मान्य आहे. परंतु निसर्गचित्र ही केवळ रेषा आणि रंग यांची रचना नसून ती एक साक्षहि असते, आणि याचा पुरावा छायाचित्रकारांच्याच व्यवहारांत सांपडतो. लंडन येथील वन्यजीव-छायाचित्रांच्या जगप्रसिद्ध स्पर्धेंत २००९ सालीं फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्रास पहिला मान मिळाला. तो लांडगा शिकविलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाल्यावर २०१० मध्यें तो मान काढून घेण्यांत आला. त्याच स्पर्धेंत मुंगीखाऊ प्राण्याच्या एका चित्राचें २०१७ चें पारितोषिक पुढच्या वर्षीं रद्द झालें. प्राणी पेंढा भरलेला असावा असें तज्ज्ञांचें मत पडलें. निकाल फिरला त्या दिवशीं त्या चित्रांतील एक रेषाहि बदलली नव्हती, प्रकाश तितकाच मनोहर होता. तरी चित्र पडलें. म्हणजे पाहणाऱ्यानें तेथें केवळ शोभा शोधली नव्हती, "हें असें घडलें" या शब्दावर विश्वास ठेवला होता. हा विश्वास जर चित्राच्या सौंदर्याचा भाग आहे, तर स्थळ, काळ आणि झाड हींहि त्या सौंदर्याचींच अंगें होत.

आणि येथें आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. न सांगतां इतरांस उपदेश करणें शोभणार नाहीं. पंधराएक वर्षांपूर्वीं कोंकणांत एका नातलगाच्या वाडींत विहिरीजवळच्या पेरूवर शिंजिराचें घरटें लोंबत होतें. कोळ्याच्या जाळ्यानें सांधलेली ती इवलीशी पिशवी, तिच्या दारावर पागोळीसारखी लहानशी ओसरी, आणि आंत दोन पिलें. पानांमुळें उजेड पडेना. आम्हीं दोन डहाळ्या दोरीनें मागें बांधल्या आणि तीन पानें खुडलीं, फक्त तीनच. चित्र अप्रतिम आलें. मादीची चोंच पिलाच्या उघड्या चोंचींत, आणि दोघांवर सकाळचें ऊन. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों पिशवी फाटलेली आणि रिकामी. कावळा असेल, भारद्वाज असेल. त्याला वाट आम्हींच करून दिली होती. घरच्या वहिनी पाणी काढतां काढतां एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, पानं काय उगाच असतात होय तिथं?" त्या चित्रास पुढें एका स्पर्धेंत बक्षीस मिळालें, आणि तें कित्येक वर्षें आमच्या बैठकींत टांगलेलें होतें. पाहुणे त्याची स्तुति करीत, आणि आम्ही गप्प बसत असूं. परवांच्या प्रदर्शनांतहि भर उन्हांत उघडें पडलेलें एक घरटें होतें, भोंवतीं एक पान नव्हतें. तें कसें घेतलें असेल हें आम्हांस दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती. घरीं आल्यावर आम्हीं बैठकींतलें चित्र उतरविलें.

आतां साहित्याविषयीं थोडें. छायाचित्रकारावर दोष ठेवतांना आम्हां लिहिणाऱ्यांनीं आपल्या अंगणांतहि पाहावें. आमच्या कवितेनें फुलपांखराला चंचल ठरविलें, आणि बोलभाषेंत "फुलपांखरी वृत्ती" ही जवळजवळ शिवी झाली. पण कढीलिंबाभोंवतीं घिरट्या घालणारी मादी घटकाभर पाहा. ती एका पानावर टेकते, पुढच्या पायांनीं तें चांचपते, उडते, दुसऱ्यावर टेकते. तिच्या पायांना चव कळते. आपल्या अळीस चालेल असें पान ती पारखीत असते. ज्याला आपण चंचलपणा म्हटलें तो एका आईचा चोखंदळपणा आहे. हें कवीस ठाऊक असतें तर कविता उणी झाली असती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दुर्गा भागवत यांनीं "ऋतुचक्र" लिहितांना एकेका महिन्याचें रूप डोळ्यांनीं टिपलें; व्यंकटेश माडगूळकरांनीं "सत्तांतर" लिहिण्याआधीं वानरांच्या टोळ्या मनापासून न्याहाळल्या; मारुती चितमपल्ली, जे २०२५ मध्यें निवर्तले, यांचें उभें आयुष्य रानांतच गेलें. त्यांच्या पानांतून रान दिसतें, कारण ते तेथें थांबले होते.

नांवांचाहि थोडा विचार व्हावा. आपल्या रानांतल्या फुलपांखरांना साहेबानें कमांडर, सार्जंट, लॅस्कर, बॅरोनेट, नबाब अशीं नांवें दिलीं. जणू फुलांवर पलटणच उतरली आहे. मराठींत मात्र सर्वांना मिळून एक "पाकोळी", आणि तीहि एका पक्ष्याबरोबर वांटून घेतलेली. महाराष्ट्रानें २०१५ मध्यें ब्लू मॉर्मन या मोठ्या निळ्या-काळ्या फुलपांखरास राज्याचें फुलपांखरूं म्हणून मान दिला. असा मान देणारें हें देशांतील पहिलें राज्य. पुढें राज्य जैवविविधता मंडळानें फुलपांखरांना मराठी नांवें दिलीं, त्यांत याचें "नीलवंत" झालें. नांव मिळालें; आतां त्याला गांव आणि झाड मिळवून देणें हें पाहणाऱ्याचें काम. दुर्मिळ प्राण्याचा किंवा घरट्याचा नेमका ठिकाणा झांकून ठेवावा हें आम्हांस मान्य आहे, कारण गर्दीनें व चोरीनें नाश होतो. पण "सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, ओढ्याकांठीं, श्रावणांत" एवढें सांगितल्यानें कोणाचें घरटें फुटत नाहीं.

म्हणून यापुढें असें चित्र पाहतांना आम्ही तीन प्रश्न विचारणार आहों. हें आपोआप घडलें कीं घडविलें? हें कोठें आणि कशावर घडलें? आणि यासाठीं त्या जीवास काय मोजावें लागलें? तिन्हींचें उत्तर मिळालें तर चित्र थोडें अंधुक असलें तरी चालेल.

नातीच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस बोलून देतां आलें नाहीं, म्हणून आम्हीं गॅलरींत कढीलिंबाची एक कुंडी आणून ठेवली. पंधरा दिवसांत तिच्या कोंवळ्या पानावर मोत्याएवढें एक अंडें दिसलें. त्यांतून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसे. पुढें ती हिरवीगार झाली, आणि मग एका काडीला रेशमाचा कमरपट्टा बांधून कोष करून बसली. ज्या सकाळीं फुलपांखरूं बाहेर आलें त्या सकाळीं नातीनें मोबाइलवर त्याचें चित्र घेतलें. तें जरा हललेलें आहे, आणि फुलपांखरूं मध्यभागींहि नाहीं. कुंडी, कठडा आणि वाळत घातलेला टॉवेल हीं सारीं त्यांत आलीं आहेत. तिनें तें छापून घेतलें आणि मागें पेन्सिलीनें लिहिलें: "आमची गॅलरी, कढीलिंब, १२ ऑक्टोबर, सकाळी सात." शिंजिराचें चित्र उतरविलें त्या खिळ्यावर आतां तें टांगलें आहे.